अमरावतीचा बंदूकमिस्त्री: काम नंबर एक, वेळेच्या नावाने बोंब

पंप अ‍ॅक्शन बंदुकीत, म्हणजे बॅरलखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायच्या बंदुकीत, दुसरं काडतूस वर येत नाही म्हटलं की आमच्या भागात जो तो एकच सांगतो: स्प्रिंग बसली, बदलून टाका. माझ्या दिरांनी हेच सांगितलं. एका दुकानदाराने तर बंदूक पाहिलीही नाही, फोनवरच स्प्रिंगची किंमत सांगून मोकळा झाला. अमरावतीच्या या मिस्त्रीने मात्र स्प्रिंगला सगळ्यात शेवटी हात लावला. तेवढ्या एका गोष्टीसाठी हे लिहून राहिली आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "ताई, नाव टाकसान तं लायसन नसलेले पोट्टे येऊन बसतेत, अन् मले त्यायले हाकलत बसा लागते." परकोटाजवळच्या गल्लीत आहे, शटर अर्धं वर असतं, आणि ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांना जिल्ह्यात कुठेही विचारलं तरी पत्ता मिळेल. मिस्त्री साठी ओलांडलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. हाताखाली एक भाचा आहे, तो फक्त रजिस्टर आणि चहा सांभाळतो.

आमची बंदूक सासऱ्यांची. ते गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. नवरा नोकरीनिमित्त बाहेर असतो, वरुडजवळची संत्र्याची बाग मीच पाहते. ओलिताची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच असते, मोटर सुरू करायला अंधारात जावं लागतं, आणि मागे सातपुड्याचा पायथा. परवाना आत्मसंरक्षणाचा आहे. रानडुकरं बागेत येतात, ठिबकच्या नळ्या उखडतात, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर बार टाकता येत नाही आणि मी टाकत नाही. पीक राखणीसाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमात नाव येतं ते ठासणीच्या बंदुकीचं. संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या बॅरलची, आतून गुळगुळीत बंदूक चालते. हे सगळं मला परवान्याच्या धावपळीत पाठ झालं.

बंदूक देशी बनावटीची आहे, बारा बोअर, घडण मात्र रेमिंग्टन ८७० सारखी. ८७० हे मॉडेल १९५० साली अमेरिकेत आलं आणि आजवर एक कोटीहून जास्त विकलं गेलं, त्यामुळे त्याच्या नकला जगभर झाल्या. आपल्याकडे विदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणजे जी आहे ती चालवायची, आणि भाग तुटला तर मिस्त्रीने हाताने घडवायचा. यूट्यूबवरचे अमेरिकन लोक "नवा पार्ट मागवा" म्हणतात, तिथे आपण व्हिडिओ बंद करायचा.

दुखणं असं होतं. डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं भरून मूठ मागेपुढे केली की पहिलं व्यवस्थित यायचं. दुसरं कधी यायचं, कधी बॅरलखालच्या मॅगझिनच्या नळीतच बसून राहायचं. बंदुकीचं तोंड आभाळाकडे केलं की यायचं, जमिनीकडे केलं की हमखास अडायचं. आणि मधूनच एखाद्या वेळी उलटंच व्हायचं: दोन एकदम बाहेर पडायची, एक लिफ्टरवर (काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर) आणि एक लिफ्टरखाली, आणि मूठ जागच्या जागी ठप्प. दिर म्हणाले, "वहिनी, स्प्रिंग." मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. फवारणीचा पंप मी स्वतः उघडते. स्प्रिंग कमजोर असेल तर माल कमी येईल. दोन कशाने येतील?

चाचांना फोनवर एवढं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तोंड वर केलं का येते, खाली केलं का नाही येत, हे खरं ना?" हो म्हटलं. "मंग एक नाही, दोन रोग आहेत. घेऊन या."

न्यायच्या आधी एक उपयोगी माहिती. बंदूक दुरुस्तीला न्यायची तर परवानाधारकाने स्वतः गेलेलं उत्तम, पण परवानाधारकाचं लेखी पत्र असेल तर दुसऱ्या माणसालाही दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी नेता येते. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातच ती सवलत आहे. मी स्वतः गेले, मोर्शीमार्गे, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये, जिवंत काडतुसं वेगळ्या डब्यात. दुकानात शिरल्यावर चाचांनी आधी परवाना पाहिला, बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि मग चहा सांगितला. या क्रमालाच मी अर्धे गुण देऊन टाकले. माझ्यासमोरच एक तरुण, परवाना होता त्याच्याकडे, मॅगझिनची नळी लांब करून मागत होता, जास्त काडतुसं बसावीत म्हणून. चाचांनी त्याला दोन वाक्यांत वाटेला लावलं. बॅरल आखूड करून मागणारेही येतात म्हणे. तो तर सरळ गुन्हा आहे.

बंदूक हातात घेतल्यावर त्यांनी मूठ मागे ओढली, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस उडतं त्या जागी, करंगळी घातली, मग नळीच्या तोंडाशी बोट घालून पाहिलं. मी रिकामी करून आणली आहे हे सांगितलं होतं, तरी. नंतर म्हणाले, काडतुसं दाखवा.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की बाई, योग्य जागी आलो. सगळे लोक बंदुकीकडे पाहतात, हा माणूस आधी काडतुसांकडे पाहतो. घरात दोन प्रकारची होती. एक मी घेतलेली, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान, प्लॅस्टिकची, ७० मिलिमीटर. दुसरी सासऱ्यांच्या ट्रंकेतली, कागदी पुठ्ठ्याची, किती पावसाळे खाल्लेली कोण जाणे. चाचांनी बॅरल उतरवली, उभी धरली आणि एकेक काडतूस वरून चेंबरमध्ये सोडलं. प्लॅस्टिकचं आपल्या वजनाने टक् करून बसायचं. कागदी निम्म्यावर थांबायचं. ओल लागली की कागद फुगतो, इतकं साधं. फुगलेलं काडतूस नळीत घासत सरकतं आणि चांगल्या स्प्रिंगलाही दमवतं. ती सगळी त्यांनी बाजूला काढली, वापरू नका म्हणाले, आणि रीतसर नोंद करून जमा करून घेतली.

लांबीचाही एक मुद्दा त्यांनी सांगितला, तो मला कुठे वाचायला मिळाला नव्हता. काडतुसावर ६५ किंवा ७० लिहिलेलं असतं ती उडाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची लांबी. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं, आणि किती आखूड ते तोंड कसं बंद केलंय यावर ठरतं. घडी घालून बंद केलेलं जास्त आखूड, कडा गोल वळवून बंद केलेलं थोडं लांब. एकाच नळीत लांब-आखूड मिसळून भरली की अडकणीला, म्हणजे नळीतून काडतूस एकेक सोडणाऱ्या पट्टीला, काडतुसाची कड वेगवेगळ्या वेळी भेटते. दोनाळी बंदुकीला याचं काही वाटत नाही, पंपाला वाटतं. एका भरणीत एकच प्रकार, हा त्यांचा नियम, आणि हा नियम पाळायला पैसा लागत नाही.

मग नळी. पुढचं झाकण उघडताना त्यांनी अंगठा दाबून धरला होता, कारण आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर डोळ्यात जाते. स्प्रिंग निघाली, तिच्या मागून फॉलोअर निघाला, म्हणजे स्प्रिंगच्या टोकावरची ती टोपी, जी काडतुसाला मागे ढकलते. आणि फॉलोअरबरोबर निघाला तांबडा चिकट गाळ.

चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला. "खोबरेल."

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सासरे दर खंडेनवमीला बंदुकीची पूजा करत. हळद, कुंकू, अक्षता, आणि पूजेनंतर गंज चढू नये म्हणून सढळ हाताने खोबरेल तेल. त्यांची श्रद्धा होती, बंदूक बाहेरून आरशासारखी चमकायची. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि वरुडला थंडीत पहाटेचा पारा त्याच्या किती खाली जातो हे बागाईतदाराला सांगायला नको. थिजलेल्या तेलात हळद-कुंकू, त्यावर उन्हाळ्याची धूळ, त्यावर पुन्हा पुढच्या वर्षीचं तेल. नळीच्या आत असे थर बसत गेले. फॉलोअर त्यातून सरकणार तरी कसा? तोंड वर केलं की काडतुसांचं वजन मदतीला यायचं म्हणून काम भागायचं. खाली केलं की तेच वजन उलट स्प्रिंगवर पडायचं. माझ्या पहिल्या लक्षणाचा उलगडा झाला.

गाळाखाली एका जागी गंजाचा चट्टाही होता. २०२४ साली लोकसभेला आणि पुन्हा विधानसभेला, दोन्ही वेळा परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होत्या. जिथे ठेवल्या होत्या तिथे भिंतीला ओल होती, एवढंच म्हणते. चाचा म्हणतात, निवडणूक झाली की त्यांचा सीझन सुरू होतो.

साफसफाई त्यांनी घाई न करता केली. आधी सॉल्व्हंटचा बोळा, मग बारीक स्टील वूल काठीला गुंडाळून गोल गोल फिरवत, चट्टा बोटाला लागेनासा होईपर्यंत, मग कोरडं फडकं, मग परत फडकं. नळीला बाहेरून पोचा आहे का तेही पाहिलं. पातळ पत्र्याची नळी असते, बैलगाडीत आपटली तरी आत फुगवटा येतो आणि फॉलोअर तिथेच कुंथतो. आमच्या नळीला तो नव्हता. शेवटी पातळ मशीन ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन नुसतं पुसलं. ग्रीस का नाही म्हटलं तर म्हणाले, "तुमच्याकडे कापूस अन् धूळ, ग्रीसले दोन्ही चिपकते. नळीच्या आत कोरडं बरं."

दुसरा रोग अडकणीत होता. ज्यांना आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नळीच्या तोंडाशी डाव्या-उजव्या बाजूला दोन पातळ पट्ट्या असतात, त्यांना कुणी लॅच म्हणतं, चाचा अडकण म्हणतात. मूठ मागे आली की एक पट्टी बाजूला होऊन एक काडतूस सोडते, आणि दुसरी लगेच आत येऊन पुढच्याला थोपवते. सुटलेलं काडतूस लिफ्टरवर पडतं, मूठ पुढे गेली की लिफ्टर ते उचलतो आणि बोल्ट (मागचा सरकता ठोकळा) त्याला चेंबरमध्ये ढकलतो. एस.टी.च्या दारात कंडक्टर एकाला चढू देतो आणि मागच्याच्या छातीवर हात ठेवतो, तसं हे काम. कंडक्टरचा हात उशिरा आला की दोघं एकदम घुसणार आणि दारात अडकणार.

हा हात उशिरा का यायचा? चाचांनी चापाचा संच काढला, टॉर्च लावला आणि चिमट्याने पट्टीच्या मागच्या खाचेतून एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाचा. कुंकवाने लाल झालेला, तेलात मुरून टणक झालेला. अक्षता. पट्टी मागे पूर्ण बसत नव्हती आणि वेळेवर आतही येत नव्हती, कारण तिच्यामागे हा दाणा. कधी सरकलेला असायचा तेव्हा बंदूक नीट चालायची, म्हणून तर दोन येण्याचा प्रकार मधूनच व्हायचा.

मी हसले. चाचा हसले नाहीत, म्हणाले, त्यांनी अशा खाचांतून कापसाची सरकी, उंदराची लेंडी आणि एकदा बेलाचं पान काढलं आहे.

पट्टी वाकली असेल का, हे त्यांनी नंतर तपासलं. ८७० च्या घडणीत या पट्ट्या बंदुकीच्या अंगात ठोकून पक्क्या केलेल्या असतात. काढल्या तर पुन्हा ठोकून बसवणं हे हातखंडा माणसाचंच काम, चुकलं तर दोन्ही बाजूंचा मेळ जातो. मॉसबर्ग ५०० या दुसऱ्या अमेरिकन पंप बंदुकीत त्या सुट्या असतात, चापाचा संच काढला की हातात येतात. आमच्या पट्ट्या शाबूत होत्या, त्यामुळे त्यांनी त्यांना छेडलं नाही. दुसरा कुणी असता तर "लॅच घासून देतो" म्हणून पैसे घेतले असते. नको तिथे कानस न लावणारा मिस्त्री मला फार थोडा भेटला आहे, मोटरवाइंडिंगमध्ये तर एकही नाही.

स्प्रिंगची पाळी आता आली. जुनी स्प्रिंग नळीशेजारी ठेवली तर नळीपेक्षा बोटभरच लांब. चाचांच्या हिशेबाने मोकळी स्प्रिंग नळीबाहेर साधारण फूटभर तरी निघायला हवी. म्हणजे दिरांचं निदानही अगदीच खोटं नव्हतं, पण नुसती तीच बदलून आणली असती तर नवी स्प्रिंग त्या खोबरेलात चार महिने झगडली असती आणि तांदूळ जागेवरच राहिला असता. नवी त्यांनी साठ्यातून दिली. जास्त लांब ठेवू का विचारल्यावर नको म्हणाले: वेटोळी एकमेकांवर चढून शेवटचं काडतूस भरताच येत नाही.

फॉलोअर प्लॅस्टिकचा होता, कड एका बाजूने झिजलेली, त्यामुळे तो नळीत तिरका व्हायचा. नवा त्यांनी नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढला, कडा किंचित गोल, मागची बाही जरा लांब, म्हणजे डुलत नाही. त्याच्या तोंडाला नारिंगी रंग लावला. नळी रिकामी झाली की तो रंग डोळ्यात भरतो, बंदूक रिकामी आहे का हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. संत्रावाल्या बाईसाठी खास रंग का म्हटलं, तर सगळ्यांनाच हाच देतो म्हणाले.

शेवटी डमी काडतुसांवर चाचणी. तोंड वर, तोंड खाली, आडवी, हळू, जोरात. मला करायला लावलं आणि माझ्या हाताकडे पाहत राहिले. पंपाच्या अर्ध्या तक्रारी हाताच्या असतात, हे त्यांचं मत. मूठ मागे नेताना माणूस शेवटच्या बोटभर अंतरात कच खातो, पट्टी पूर्ण उघडत नाही, काडतूस सुटत नाही आणि दोष बंदुकीच्या माथी. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक असावं. दिरांना मात्र त्यांनी पुढच्या वेळी घेऊन या म्हटलं आहे.

घरी आणल्यापासून एकदाही अडकली नाही. थंडीतल्या पहाटेही पाहिलं, मुद्दाम तोंड खाली करून.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. अकराला उघडतो म्हणाले आणि शटर उघडलं साडेबाराला. त्याच दिवशी देतो म्हणून संध्याकाळी "लेथवाला गेला" कळलं, आणि मला पुन्हा अमरावतीची खेप पडली. सोडून जाताना बंदूक ठेवल्याची पावती मी मागितली तेव्हा मिळाली. ती न मागता मिळायला हवी, आणि तुम्ही जाल तर ती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका: नंबर, तारीख, शिक्का सगळं पाहून. स्टील वूल जिथे झाकणाला लागलं तिथला काळा मुलामा उडाला आहे, तो त्यांनी कोल्ड ब्लूने (लोखंड काळं करायच्या द्रावाने) भरला पण रंग जुळला नाही, उन्हात चट्टा दिसतो. मला चालतं, हौशी माणसाला चालणार नाही. नव्या स्प्रिंगमुळे शेवटचं काडतूस भरायला अंगठ्याला जोर लागतो. सैल होईल म्हणतात, अजून झालेली नाही.

पैसे एकूण अठराशे घेतले, फॉलोअर आणि स्प्रिंग धरून. फोनवर स्प्रिंगची किंमत सांगणाऱ्याने एकट्या स्प्रिंगचे जवळपास तेवढेच सांगितले होते. जुनी स्प्रिंग आणि फॉलोअर कागदात गुंडाळून परत दिले, हे मला आवडलं.

एक प्रश्न मी जाता जाता विचारला, कारण घरी सासूबाई विचारणारच होत्या: खंडेनवमीची पूजा बंद करायची का? चाचा म्हणाले, पूजा करा, फक्त बंदूक कपड्याच्या कव्हरमध्ये ठेवून कव्हरवर हळदकुंकू वाहा, आणि तेल देवाच्या दिव्यात घाला. सासूबाईंना हे मान्य झालं, अक्षतांवर मात्र त्या अडून होत्या. शेवटी अक्षता ताटात ठेवायच्या असं ठरलं.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. परवाना मूळ न्या, झेरॉक्स चालवून घेत नाहीत. सोबत घरातली सगळ्या प्रकारची चार-चार काडतुसं न्या, नाहीतर ते परत पाठवतात. आणि डबा बरोबर ठेवा, कारण साडेबारापर्यंत गल्लीत बसायला चहाच्या टपरीशिवाय काही नाही.